गावाच्या नावाचा माग कसा काढावा: बडोद्याचे उदाहरण धरून

बडोद्याच्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाच्या आत या शहराची चार रूपे भेटतात. फलाटावरील पाटीवर वडोदरा लिहिलेले असते, तिकिटावर बीआरसी हा संकेत असतो, बाहेर बँकेच्या फलकावर बडोदा दिसते, आणि दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरी पोहोचल्यावर ‘बडोद्याला कधी आलात?’ असे विचारले जाते, तेव्हा त्यामागे बडोदे हे चौथे रूप उभे असते. घरातील मुले हमखास विचारतात की यांतले खरे नाव कोणते. हा प्रश्न असा विचारला की उत्तर वादात अडकते. तोच प्रश्न, कोणते रूप कोणत्या काळी, कोणत्या भाषेच्या माणसाने, काय ऐकून लिहिले, असा विचारला की प्रत्येक रूप साक्षीदारासारखे बोलू लागते. ही चौकशी पद्धतशीरपणे कशी करावी, हे येथे बडोद्याच्या उदाहरणाने सांगितले आहे. हीच रीत आपल्या आजोळच्या चार घरांच्या वाडीलाही लावता येते.

सुरुवात वहीने करावी. एका पानावर एकच गाव घ्यावे आणि त्या गावाचे जे जे रूप सापडेल ते एकेका ओळीत उतरवावे. प्रत्येक ओळीत रूप जसे आहे तसे, ते कोणत्या लिपीत होते, केव्हाच्या लेखात होते, लिहिणाऱ्याची भाषा कोणती होती आणि तो त्या गावचा होता की परका होता, एवढे नोंदवावे. अर्थाचा रकाना या टप्प्यावर ठेवू नये. अर्थ आधी मनात बसला की डोळा त्याला सोयीची रूपेच गोळा करतो. मी स्वतः अनेक वर्षे पाहुण्यांना सांगत आलो होतो की वट आणि उदर मिळून वटोदर झाले, म्हणजे वडांच्या पोटात वसलेले गाव, आणि त्यावरून वडोदरा आले. संधी व्याकरणशुद्ध आहे, चित्र सुंदर आहे आणि शहरात वडही भरपूर आहेत. जुना लेख पाहिल्यावर मात्र ही व्युत्पत्ती मला सोडून द्यावी लागली.

हा जुना लेख म्हणजे राष्ट्रकूट राजघराण्याच्या लाट (म्हणजे दक्षिण गुजरात) येथील शाखेतील कर्क सुवर्णवर्ष या राजाचा ताम्रपट होय. तो शक 734 चा, म्हणजे इसवी सन 812 चा आहे. शकाचे इसवी सन काढताना 78 मिळवावे, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत 79 मिळवावे; विक्रम संवतातून 57 किंवा 56 वजा करावे, आणि गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो हे लक्षात ठेवावे, नाहीतर एका वर्षाची चूक होते. या ताम्रपटात अंकोट्टक नावाच्या चौऱ्याऐंशी गावांच्या समूहातील वडपद्रक हे गाव एका ब्राह्मणाला दान दिल्याची नोंद आहे. अंकोट्टक म्हणजे विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरचे आजचे अकोटा. त्या काळी मोठे ठिकाण अकोटा होते आणि बडोदे त्याच्या छायेतले खेडे होते. आज अकोटा शहराचा एक भाग आहे, इतका हा संबंध उलटला आहे. दानपत्रे नावाच्या शोधात विशेष उपयोगी पडतात, कारण दिलेली जमीन कोणती याबद्दल पुढे तंटा होऊ नये म्हणून लिहिणारा गावाचे नाव आणि आसपासची ठिकाणे काळजीपूर्वक नोंदवतो.

आता वडपद्रक हे रूप जवळून पाहावे. शुद्ध संस्कृतात वडाला वट म्हणतात. संस्कृत लेखातही ड आला आहे, म्हणजे ताम्रपट लिहिणाऱ्याने कोशातले रूप न घालता लोकांच्या तोंडचा शब्द घेतला. उरलेला पद्र हा शब्द वस्तीसाठी, गावासाठी आहे. गुजरातीत गावाच्या वेशीजवळच्या मोकळ्या जागेला आजही पादर म्हणतात, आणि बडोद्याजवळच्या पादरा या तालुक्याच्या गावाचे नावही याच शब्दाशी जुळते. तेव्हा वडपद्रक म्हणजे वडाचे गाव. उदर येथे कोठेच नाही.

पुढची पायरी अनेकांना अवघड वाटते, पण मराठी माणसाला ती अवघड वाटण्याचे कारण नाही. जुने रूप आणि आजचे रूप यांच्यामध्ये जे ध्वनी बदलले, ते त्या भाषेत इतर शब्दांतही तसेच बदलले आहेत का, हे तपासायचे असते. आपल्या घरातलेच शब्द घ्यावेत. संस्कृत कपाटाचे कवाड झाले, त्यात दोन स्वरांमधल्या प चा व झाला आणि ट चा ड झाला. दीपाचा दिवा झाला, घोटकाचा घोडा झाला. लवणाचे लोण झाले आणि त्यातून लोणचे आले, त्यात ‘अव’ मिळून ‘ओ’ झाला. आता हेच तीन बदल ओळीने लावून पाहावेत. वटपद्रातील ट चा ड झाला की वडपद्र, प चा व झाला की वडवद्र, मधल्या ‘अव’चा ‘ओ’ झाला की वडोद्र. आणि जोडाक्षर सुटे झाले की वडोदरा. कोठेही नियमाला मुरड घालावी लागत नाही. व्युत्पत्ती पटण्याजोगी आहे की नाही हे ठरवताना मी यालाच सर्वांत अधिक वजन देतो. अर्थ कितीही छान जमला, तरी ध्वनी जबरदस्तीने वाकवावे लागत असतील तर ती व्युत्पत्ती बाजूला ठेवावी.

एका नावावर थांबू नये. त्याच घडणीची दुसरी नावे शोधावीत. बडोद्यापासून पूर्वेला मध्य प्रदेशच्या सीमेकडे दाहोद आहे. तेथे कोणीही सांगेल की गुजरात आणि माळवा या दोन प्रदेशांच्या हद्दी तेथे मिळतात म्हणून दो-हद, आणि त्यावरून दोहद किंवा दाहोद. गावाचे स्थान पाहता हे अगदी खरे वाटते. परंतु तेथल्याच, गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंह याच्या काळातील, विक्रम संवत 1196 च्या शिलालेखात दधिपद्र मंडलाचा उल्लेख आहे. दधीचे दही होते हे आपल्याला ठाऊकच आहे. दधिपद्राचे दाहोद होणे म्हणजे वडपद्राच्या वाटेनेच चालणे आहे. शिवाय हद हा अरबी शब्द फारसी राजवटीबरोबर रुळला, आणि नाव तर त्याआधीपासून कोरलेले आहे. कालक्रम असा जुळवून पाहिला की लोकांत चालणारी बरीच स्पष्टीकरणे आपोआप गळतात.

तरीही सारखे दिसणारे प्रत्येक नाव एका माळेत ओवू नये. गोधरा कानाला वडोदऱ्याचे भावंड वाटते, पण जुन्या लेखांत त्याचे रूप गोद्रह असे आहे, आणि त्यातील द्रह म्हणजे डोह किंवा तळे. पद्राशी त्याचा संबंध नाही. वडनगरातही वड ऐकू येतो, पण त्याचे संस्कृत ग्रंथांतील एक रूप वृद्धनगर असे आहे, म्हणजे तेथे झाडाऐवजी जुनेपणा असू शकतो. महाराष्ट्रातील वडगाव आणि वडनेर पाहतानाही हीच सावधगिरी ठेवावी. संगमनेर, अमळनेर यांतील नेर हा नगराचा अवशेष आहे हे ध्यानात असले की निम्मे काम सोपे होते.

यानंतर परक्या कानांनी ऐकलेल्या रूपांकडे वळावे. बहुतेक लोक यांना अपभ्रंश म्हणून टाकून देतात. माझ्या मते ती फार मोलाची साधने आहेत, कारण परका माणूस नावाचा अर्थ जाणत नाही. तो केवळ आवाज लिहितो. सतराव्या शतकातील इंग्रज प्रवासी आणि व्यापारी या गावाला ब्रोडेरा अशा धर्तीचे नाव देतात. हे रूप वाचून हसू येते, पण त्याची अक्षरे वडोदऱ्याखाली मांडून पाहावीत. पहिल्या व च्या जागी ब आहे. ड दोन स्वरांमध्ये जीभ उलटी फिरवून उच्चारला जातो, तो इंग्रज कानाला र वाटला, म्हणून तेथे र आहे. मग ओ, मग द च्या जागी त्यांचा ड, आणि शेवटी र. एकही व्यंजन हरवलेले नाही. पुढे बरोडा हे रूप स्थिर झाले त्यात शेवटचा र गेला. स्थानकाच्या बीआरसी या संकेतातील दुसरे अक्षर म्हणजे तोच आपला ड आहे, आणि तो तिकिटावर आजही छापला जातो.

फारसी कागदांचेही असेच आहे. अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरीत गुजरात सुभ्यातील एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक विभाग, म्हणून बरोदा येते. फारसी लिपीत मूर्धन्य ड साठी स्वतःचे अक्षर नाही, त्यामुळे लिहिणारा र किंवा द यांपैकी एक निवडतो. म्हणून फारसीतून आलेले रूप वाचताना प्रत्येक र आणि द यांच्यामागे ड किंवा ट दडलेला असेल का, असे विचारण्याची सवय लावावी. मोडी कागद वाचणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द एकमेकांना चिकटून येतात, त्यामुळे इंदूर की इंदुर अशा वादात मोडी कागद साक्षीला बोलावू नये. व्यंजनांबद्दल आणि विभक्तीबद्दल मात्र तोच कागद चांगली साक्ष देतो.

आता आपल्या मराठी रूपाकडे येऊ, कारण बडोद्यातील मराठी माणसाला खरी उत्सुकता त्याचीच असते. बडोदे या रूपात तीन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट आरंभीचा ब. मराठीत वडाला वडच म्हणतात, वनाला वन म्हणतात. व चा ब करण्याची खोड हिंदीची आहे, तेथे वनाचे बन होते आणि वटाचा बड होतो. मराठ्यांनी हे नाव थेट आसपासच्या गुजराती खेडुताकडून घेतले असते तर आज आपण वडोदे म्हणत असतो. म्हणून ब वाला हा उच्चार मोगल अंमलातील दप्तरांतून आणि हिंदुस्थानी बोलणाऱ्या लष्करातून आपल्याकडे आला, हे उत्तर मला सर्वांत पटते. दमाजी गायकवाडांनी 1734 मध्ये शहर कायमचे घेतले तेव्हा सरकारी कागदांत चालू असलेले नावच नव्या सत्तेने उचलणे स्वाभाविक होते.

दुसरी गोष्ट शेवटचा ए. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे एक पितळी घंगाळ आहे. त्याच्या काठावर नाव, गाव आणि शक कोरलेला आहे, आणि गावाच्या जागी ‘बडोदें’ आहे. द वरची ती मात्रा आणि तिच्या शेजारचा छोटा ठिपका कासाराने एकेका ठोक्याने उमटवलेला दिसतो. चिंचेने घासून घासून बाकीची अक्षरे बुजत आली, तरी ठिपका बोटाला लागतो. हा अनुस्वार नपुंसकलिंगाचा आहे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि आपण बडोदे लिहू लागलो. गुजरातीत नपुंसकलिंगी शब्द ‘उं’ने संपतात, मराठीत ‘एं’ने: सोनुं आणि सोने, केळुं आणि केळे, नाणुं आणि नाणे. जुन्या गुजरातीत या शहराचे वडोदरुं असे रूप आहे. म्हणजे मराठी माणसाने नाव नुसते ऐकून ठेवले नाही, तर त्याचे लिंग ओळखून आपल्या व्याकरणात बसवले. म्हणूनच पुण्याला, ठाण्याला यांप्रमाणे बडोद्याला होते, आणि आडनाव बडोदेकर होते.

तिसरी गोष्ट गळलेला र. दाहोदमध्येही पद्राचा र उरलेला नाही, आणि गुजरातेत वडोद नावाची गावेही आहेत. तेव्हा र नसलेले रूप मराठीने बिघडवून केले असे मानण्यापेक्षा, र असलेली आणि नसलेली अशी दोन्ही रूपे शेजारी-शेजारी चालत होती असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

मराठीत गुजरातेतील इतर गावांची स्वतंत्र रूपे आहेत, तीही वहीत घ्यावीत. भरूचला आपण भडोच म्हणतो, खंभातला खंबायत म्हणत आलो. भडोचचे पान तर फार समृद्ध होते: ग्रीक खलाशांच्या पहिल्या शतकातील वर्णनात ते बारिगाझा आहे, पाली ग्रंथांत भरुकच्छ आहे, संस्कृतात भृगुकच्छ आहे आणि इंग्रजीत ब्रोच. येथे एक महत्त्वाचा धडा मिळतो. संस्कृत रूप दिसले की ते सर्वांत जुने असे आपण गृहीत धरतो, पण भरुकच्छाला भृगू ऋषींशी जोडून भृगुकच्छ हे रूप नंतर घडवले गेले असे अनेक अभ्यासक मानतात. बोलीतल्या नावाला संस्कृत वस्त्र चढवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ग्वाल्हेरचेही तसेच. राजाला बरे करणाऱ्या ग्वालिपा नावाच्या साधूवरून किल्ल्याला नाव पडले ही कथा तेथील प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. परंतु हूण राजा मिहिरकुल याच्या सहाव्या शतकातील लेखात डोंगराचे नाव गोप आहे आणि पुढील लेखांत गोपगिरी, गोपाद्री अशी नावे येतात. गोप आणि ग्वाल दोन्ही गुराख्याचेच शब्द असल्यामुळे, डोंगराच्या नावावरून साधूचे नाव निघाले असावे असे दिसते.

याचा अर्थ दंतकथा फेकून द्याव्यात असा नाही. त्यांसाठी वहीच्या डाव्या पानावर वेगळी जागा ठेवावी. बडोद्याला चंदन नावाच्या राजावरून चंदनावती म्हणत असत ही परंपरा गॅझेटिअरात नोंदलेली आहे, आणि सतराव्या शतकातील गुजराती कवी प्रेमानंद, जे याच शहरातले, आपल्या गावाला वीरक्षेत्र म्हणतात. ही नावे ध्वनीच्या साखळीत बसत नाहीत, कारण ती वडोदऱ्यापासून निघालेलीच नाहीत. ती गावाने स्वतःला दिलेली गौरवाची नावे आहेत. लोकांना आपले गाव कसे दिसावे असे वाटत होते, हे त्यांतून कळते. वटोदरही मी आता याच पानावर लिहून ठेवले आहे.

कागद झाल्यावर माणसांकडे जावे, आणि येथे प्रश्न कसा विचारायचा यावर सारे अवलंबून असते. ‘गावाचे नाव कशावरून पडले?’ असे विचारले की समोरचा माणूस वाचलेली किंवा ऐकलेली कथा सांगतो. त्याऐवजी काल कोठे गेला होतात, मुलगी कोठे दिली, भाजी कोठून येते असे साधे बोलणे काढावे आणि नाव वाक्यात येऊ द्यावे, कारण विभक्ती लागल्यावर जुने रूप बाहेर पडते. सासुरवाशिणींना अवश्य विचारावे. परगावाहून आलेली बाई माहेरचा उच्चार सोबत आणते आणि सासरचा उच्चार कान देऊन शिकते, त्यामुळे दोन्हींतील फरक तिला नेमका सांगता येतो. आमच्या वाड्यात माझी आजी ‘बडोद्यास’ म्हणे, शेजारच्या गुजराती आजी, बा, ‘वडोदरा’ म्हणत आणि उत्तरेकडून आलेला दूधवाला ‘बड़ौदा’ म्हणे; तिघांनाही एकमेकांचे कळत असे आणि कोणी कोणाला दुरुस्त करीत नसे. ऐकलेले रूप त्याच दिवशी, जसेच्या तसे लिहावे. प्रमाण लेखनात बसवण्याचा मोह टाळावा.

सरकारी नावांची नोंद वेगळ्या रकान्यात तारखेसह करावी. 1974 मध्ये शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले. बँक 1908 ची आणि विद्यापीठ 1949 चे, त्यामुळे त्यांच्या नावांत जुने रूप तसेच राहिले. 2018 साली येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मराठी लेखनात बडोदे हेच रूप सर्वत्र वापरले गेले, आणि ते योग्यच होते. मराठीत लिहिताना मराठी रूप वापरल्याने अधिकृत नावाचा अवमान होत नाही. पत्त्यात आणि अर्जात मात्र अधिकृत रूपच लिहावे. एका कार्यालयात जुन्या दाखल्यावरचे बडोदे आणि नव्या कागदावरचे वडोदरा ही दोन वेगळी गावे समजली गेल्यामुळे माझ्या आईला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या.

हाताशी कोश असावेत. मराठीसाठी मोल्सवर्थ यांचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, गुजरातीसाठी भगवद्गोमंडळ, आणि संस्कृतापासून आजच्या भाषांपर्यंतचा प्रवास पाहण्यासाठी टर्नर यांचा तौलनिक कोश, एवढे पुरते.

सरावासाठी पहिले नाव म्हणून मांडवी घ्यावे, असे मी सुचवीन. जुन्या शहराच्या मधोमध, चारी रस्ते जेथे मिळतात, तेथे ती कमानींची इमारत उभी आहे आणि तिच्यावरून भागालाही मांडवी म्हणतात. मराठी कानाला हा शब्द मांडवाजवळचा वाटतो, आणि मंडपाचा मांडव हा बदल कपाट-कवाडाच्या नियमाने बरोबर बसतो. पण जुन्या लेखांतील मंडपिका हा शब्द जकात वसूल करण्याच्या ठाण्यासाठी येतो, आणि कच्छमधले मांडवी बंदर व मुंबईतला मांडवी हा व्यापारी भाग पाहिले की हा अर्थ अधिक जवळचा दिसतो. सौराष्ट्रातून आलेल्या माणसाला मांडवी म्हटले तर त्याला आधी भुईमूग आठवेल, कारण त्याच्या बोलीत शेंगांना मांडवीच म्हणतात. ही तिन्ही माहिती तीन ओळींत, कोणी कोठे सांगितली त्या नोंदीसह लिहावी, आणि अर्थाचा रकाना आखायचा तो त्यानंतर.